नवस सासूचा, भुवया जावयाच्या

आमच्या घरात जेवताना मी सहसा बोलत नाही. बोलण्यासारखं काही नसतं म्हणून नव्हे, बोललेलं कोणी ऐकत नाही म्हणून. पण त्या संध्याकाळी सासूबाईंनी भाताची ताटली पुन्हा न शिवता बाजूला सारली, बायकोचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, आता आपणच काहीतरी बरं बोलावं. एवढंच ठरवलं हो मी! एक वाक्य. त्या एका वाक्यापायी आज माझ्या कपाळाखाली भुवया नाहीत.

माझं नाव बुनलेर्त. म्हणजे उत्तम पुण्य. (नाव ठेवणाऱ्यांनी पुढचं पाहिलं नव्हतं.) थायलंडातल्या फेच्चबुरी गावच्या पाणीपुरवठा कचेरीत मी कारकून आहे. नळाला पाणी का येत नाही, याची लोकांना पटतील अशी उत्तरं तयार करणं हे माझं काम. बायको कन्निका, घरात सगळे नित म्हणतात. आणि सासूबाई थोंगयिप. अंड्याच्या बलकाची आमच्या गावची जी सोनेरी मिठाई, तिचंच नाव त्यांना ठेवलंय, आणि जन्मभर त्यांनी बाजारात मिठाईच विकली. सगळी साखर गिऱ्हाइकांना गेली, जावयाच्या वाट्याला मिरची तेवढी उरली.

त्यांचा माझ्यावर मूळ राग एकच. मी कच्चा. आमच्याकडे मुलगा लग्नाआधी डोकं भादरून थोडे दिवस भिक्षू होऊन येतो. आला की तो पिकला, नाही गेला तो कच्चा. मी गेलो नव्हतो. जायचं ठरलं होतं, पण भिक्षूंनी दुपारनंतर जेवायचं नसतं हे कळल्यावर माझं वैराग्य सकाळीच आटोपलं. तेव्हापासून पाहुणा आला की सासूबाई माझी ओळख करून देत, "हा आमच्या नितचा नवरा. कच्चाच आणला, म्हटलं घरी आढीत घालू. अजून पिकायचा आहे."

तर या सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवं आणि लवकर करायला हवं. सासूबाई म्हणाल्या, नाही. नित रडली, हातापाया पडली, अबोला धरून पाहिला. सासूबाईंचं आपलं एकच, "माझं पोट आहे. गाठ पण माझीच आहे." दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या. घरात कोणी मोठ्यानं बोलेना. मी स्वभावानं मुळातच रडका, त्यात घराला अशी अवकळा आलेली. कचेरीत नळाच्या तक्रारी वाचतानासुद्धा मला गलबलून येई.

सासूबाई दिवसातून एकदाच उठून बसत, संध्याकाळी मालिका लागली की. मालिकेचं नाव 'काळजावर सही'. थीरात हा बँकॉकच्या एका बड्या कंपनीचा साहेब आणि बुसबा त्याची सेक्रेटरी. कंपनी काय बनवते ते शेवटपर्यंत कळलं नाही. बुसबा दर भागात फाइल घेऊन आत येते, सपाट फरशीवर अडखळते आणि साहेबाच्या अंगावर पडते. साहेब तिला झेलतो. मग गाणं वाजतं, दोघं एकमेकांकडे बघत राहतात आणि फाइल खाली पडते. फाइलवर सही हवी असते, ती काही होत नाही. (आमच्या कचेरीत एखादी बाई साहेबांवर अशी पडली असती तर तिला मेमो मिळाला असता आणि साहेबांना मलमाची डबी.) शिवाय बुसबाच्या टेबलाच्या खणात कायम एका साबण पावडरीचा पुडा असे. बोलता बोलता ती तो काढून टेबलावर ठेवी, नाव आपल्याकडे करून.

मी एकदा म्हणालो, "हापिसात साबणाचं काय काम?"

"साहेबाचा सदरा धुते," सासूबाई म्हणाल्या. "गुणाची पोर आहे. काही लोकांना स्वतःचा बनियनसुद्धा धुता येत नाही."

मी बनियनच घालून बसलो होतो. उठून सदरा चढवला.

त्या मालिकेत त्यांचा एवढा जीव का, ते नितनं मला एकदा सांगितलं होतं. नित पाळण्यात असताना तिचे वडील 'आत्ता येतो' म्हणून बाहेर पडले. ते आत्ता अजून झालेलं नाही. त्यामुळे पडद्यावर का होईना, एखादा पुरुष शेवटपर्यंत थांबतो का, हे म्हातारीला बघायचं होतं.

आता ते वाक्य. आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर मालीवानबाई बसतात. त्यांची भाची बँकॉकला नटनट्यांचे चेहरे रंगवते. त्या दुपारी मालीवानबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या भाचीनं परवा त्या बुसबाला नवरी सजवली." बस्स. तेच मी जेवताना बोलून बसलो.

"आई, बुसबाचं आणि थीरातचं लग्न होणार. आतली बातमी आहे."

सासूबाईंनी मान वर केली. "कोण म्हणतं?"

"भाचीनं स्वतःच्या हातानं नटवलंय तिला. सोनेरी पोशाख, फुलांचे हार, हातावर वडीलधाऱ्यांच्या शंखातून पाणी, सगळं!" (हार आणि शंख माझ्या पदरचे. बोलायला लागलो की मला आवरत नाही, म्हणून तर मी बोलत नाही.)

सासूबाईंनी ताटली पुन्हा पुढे ओढली आणि चार घास खाल्ले. नितनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तशी नजर मी लग्नाच्या आधी पाहिली होती. मी खूश होऊन तिसऱ्यांदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर सासूबाई पलंगावर ताठ बसलेल्या, हाताला उदबत्तीचा वास.

"नदीकाठच्या विहारात जाऊन आले," त्या म्हणाल्या. "थोरल्या बुद्धाला नवस बोलले."

"बरं केलंत. काय बोललात?"

"ती दोघं बोहल्यावर चढली, तर मी ऑपरेशनच्या टेबलावर चढेन."

"वा वा! आई, तुम्ही अगदी..."

"आणि माझा जावई डोकं भादरून भिक्षू होईल."

"कोणाचा जावई?"

"मला किती जावई आहेत?"

"अहो आई, लोक नवसाला उकडलेली अंडी वाहतात, नाच ठेवतात. दुसऱ्याचं डोकं कोण वाहतं?"

"अंडी मी जन्मभर फोडली. त्याचं बुद्धाला काय कौतुक?"

"आणि नाही झालं लग्न तर?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तर तो कौल समजायचा. घरीच पडून राहीन. मला ओढून नेऊ नका आणि नितला रडू देऊ नकोस."

हे त्या अगदी शांतपणे बोलल्या. स्वयंपाकघरात कालवणाची पळी पडल्याचा आवाज आला. नित दाराआडून ऐकत होती.

त्या दिवसापासून घरात 'काळजावर सही' सगळ्यात एकाग्रतेनं कोणी बघितली असेल तर मी. आणि बघतो तर काय, मालिकेची पार रया गेलेली! बघणारे घटले म्हणे. आधी साहेबाची स्मृती गेली. ती परत आली तर बुसबाची गेली. एका भागात दोघांचीही शाबूत होती, पण एकमेकांवर विश्वास नव्हता. फाइल तीच, आता कडेनं दुमडलेली. मग एक दिवस जाहीर झालं की मालिका लवकर आवरतायत, येत्या शुक्रवारी शेवटचा भाग.

मी मालीवानबाईंना गाठलं. "बाई, तुमची भाची नक्की काय म्हणाली होती?"

"नवरी सजवली म्हणाली. किती वेळा सांगू?"

"आणि नवरा कोण होता?"

"तो थीरातच हो! त्यालासुद्धा तिनंच पावडर फासली. एवढं काय घाबरता? तुमचं लग्न आहे का?"

मला जरा धीर आला. लग्न झालं तर माझं डोकं जाणार होतं, नाही झालं तर सासूबाई जाणार होत्या. एरवी डोक्यावर पंखा जरा जोरात फिरला तरी मी केस सावरतो, पण खरं सांगतो, तो आठवडाभर मी मनोमन लग्नच मागत होतो.

शुक्रवार आला. नितनं सासूबाईंच्या पाठीला उशा लावल्या. मी पंखा त्यांच्याकडे वळवला. मालिका सुरू झाली आणि पहिल्याच दृश्यात थीरातच्या हातात विमानाचं तिकीट! बुसबा धावत आली, अडखळली आणि पडली. पहिल्यांदाच तिला कोणी झेललं नाही. नितनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. आणि अशा ऐन मोक्याला जाहिराती लागल्या.

पहिली जाहिरात कुठल्याशा तेलाची. दुसरी लागली आणि पडद्यावर थीरात आणि बुसबा! दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकून बसलेली. ती सोनेरी पोशाखात, तो पांढऱ्याशुभ्र कोटात. गळ्यात हार, हातांवर शंखातून पाणी पडतंय, मागे वाद्यं. एक म्हातारी पाहुणी येते, तिच्या हातातलं कालवण नवरदेवाच्या बाहीवर सांडतं, सगळे 'अरेरे' म्हणतात, आणि नवरी हसत हसत पदराआडून तो साबणाचा पुडा काढते.

मी नितकडे पाहिलं. नितनं माझ्याकडे पाहिलं. मालीवानबाईंच्या भाचीनं नवरी सजवली होती ती याच्यासाठी!

"झालं लग्न," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघं पडद्यावरच्या पुड्याकडे बघत होतो.

"बघितलंत ना? झालं. बंद करा तो टीव्ही. मला झोप आली."

"आई, अजून पुढे..." मी म्हणालो, आणि नितनं माझ्या पायावर अशी टाच दिली की पुढचं वाक्य मी गिळलं. टीव्ही बंद झाला. सासूबाई कुशीवर वळल्या.

उरलेला भाग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात मोबाइलवर आवाज बंद करून पाहिला. थीरात विमानात बसला. जाताना 'परत येईन' असं काहीतरी ओठ हलवून म्हणाला. बुसबा फाइल छातीशी धरून विमानतळाच्या काचेमागे उभी राहिली. समाप्त! अहो, शेवटच्या भागातसुद्धा त्या गृहस्थानं सही केली नाही! नित तांदळाच्या डब्याला टेकून हुंदके देत होती.

"आता रडतेस कशाला?" मी हळूच म्हणालो. "आईंना वाटतंय लग्न झालं. त्या ऑपरेशनला तयार होतील."

"म्हणूनच रडतेय. अहो, फसवतोय आपण तिला."

"आपण कुठं फसवलं? साबणवाल्यांनी फसवलं."

तिनं डोळे पुसले आणि माझ्या डोक्याकडे बघितलं. बघतच राहिली.

"अगं, एक मिनिट," मी म्हणालो. "लग्न झालेलंच नाही. म्हणजे नवस लागू होत नाही. नियमानं बघितलं तर..."

"मग जा. उठवा आईला आणि सांगा नियम."

सगळे दरवाजे असे एकदम बंद झालेले मी पूर्वी फक्त कचेरीत, तक्रारदारांच्या तोंडावर पाहिले होते.

सकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं, "आधी नवस फेडायचा, मगच मी टेबलावर." सरकारी नोकरीत भिक्षू व्हायला पगारी रजा मिळते, बाळंतिणीला मिळते तशी. मला वाटलं, साहेब निदान थोडे आढेवेढे घेतील. आमचे साहेब एकेका कागदाला महिने लावतात. माझ्या रजेवर त्यांनी उभ्या उभ्या सही केली. "सावकाश या," असंही म्हणाले.

विहाराच्या अंगणात मला पाटावर बसवलं. माझे आईवडील नाहीत, म्हणून पहिली बट कापायचा मान सासूबाईंना. पाण्याचा ग्लास धरताना त्यांचा हात थरथरे, पण कात्री चालवताना अजिबात थरथरला नाही. डोक्यावरचं गेलं, मग भिक्षूंनी वस्तरा खाली आणला आणि भुवयाही उतरवल्या. आरशात बघितलं तर हुबेहूब उकडलेलं अंडं! म्हणजे शेवटी नवसाला अंडंच वाहिलं गेलं.

खरी आफत पुढे होती. दीक्षा देताना पालीत प्रश्न विचारतात आणि उत्तरंही पालीत द्यायची असतात. आधी रोगांची चौकशी. तुला कुष्ठ आहे का? गळू? खरूज? क्षय? फेफरं? प्रत्येकाला म्हणायचं, 'नत्थि भन्ते.' नाही महाराज. मग विचारतात, तू मनुष्य आहेस ना? इथं म्हणायचं, 'आम भन्ते.' होय महाराज. हे मी पाठ केलं होतं, कचेरीत मालीवानबाईंनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण सभामंडपात मागे व्हीलचेअरवर सासूबाई बसलेल्या, रुमालाएवढ्या झालेल्या, आणि माझं सगळं लक्ष तिकडे. रोगांची नावं ऐकता ऐकता माझ्या मनात येत होतं, यात पोटातली गाठ का नाही विचारत? मी आपला नत्थि भन्ते, नत्थि भन्ते म्हणत चाललो होतो.

"मनुस्सोसि?" मोठ्या भन्तेंनी विचारलं. तू मनुष्य आहेस ना?

"नत्थि भन्ते!" मी खणखणीत आवाजात म्हणालो.

भन्ते खाकरले. त्यांनी प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. मी पुन्हा, त्याहून सावकाश, मनुष्य असल्याचं नाकारलं.

मागून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, सासूबाईंना कळ आली. वळून बघितलं तर त्या दोन्ही हातांनी पोट धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दुखतही असणार, पण हसू आवरत नव्हतं. नितनं तोंड पदरात लपवलं होतं. गाठ कळल्यापासून सासूबाई हसल्या नव्हत्या. मग शेजारच्या भिक्षूंनी मला कोपरानं ढोसलं, मी 'आम भन्ते' म्हणालो, आणि कसाबसा माणसांत आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, सासूबाईंना इस्पितळात न्यायच्या आधी, मी भिक्षेला निघालो. अनवाणी, हातात पात्र, बोडक्या डोक्याला वारा लागत होता. रांग आमच्या गल्लीत शिरली आणि मी स्वतःच्याच घरासमोर उभा राहिलो. दारात चटईवर नित आणि सासूबाई. ज्या बाईनं मला कधी 'या' म्हटलं नाही, ती माझ्यापुढे हात जोडून वाकली. मला उलट वाकता येईना, भिक्षूंनी वाकायचं नसतं. माझ्या पात्रात तिनं गरम भात वाढला, आणि वाढता वाढता मला एकट्यालाच ऐकू येईल असं पुटपुटली.

"साबणाची जाहिरात होती ती, भन्ते. गाठ माझ्या पोटात आहे, डोळ्यांत नाही."

मी पात्राचं झाकण लावायचं विसरलो.

"तो साहेब पळालाच असणार," त्या म्हणाल्या. "पळतातच. मग म्हटलं, कौल दुसरीकडे बघावा. लग्न झालं नाही हे तुला माहीत होतं. नवस मोडून निघून जाता आलं असतं. तू मुकाट्यानं भुवया देऊन बसलास. मला पुरे आहे तेवढं. नितला यातलं काही सांगू नकोस. आणि आता आशीर्वाद म्हण. भात निवतोय."

आशीर्वादाचे चारच शब्द असतात, आयु, वर्ण, सुख, बल. मी पहिल्याच शब्दावर अडलो. 'आयु' म्हटलं. पुढचं काही केल्या निघेना. मागच्या भिक्षूंनी सूर उचलला म्हणून निभावलं, आणि मी भर गल्लीत, डोळे पुसायची सोय नसलेला भिक्षू, तसाच वाहत्या डोळ्यांनी पुढे गेलो.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जमलं तेवढं काढलं, सगळं निघालं नाही. वर्ष मिळेल, कदाचित थोडं जास्त. नित आता रात्रंदिवस आईच्या उशाशी असते. मी भिक्षूचं चीवर उतरवून घरी आलोय. संध्याकाळ झाली की पंखा सासूबाईंकडे वळवतो आणि आम्ही तिघं नवी मालिका बघतो. यातही एक साहेब आहे आणि एक सेक्रेटरी आहे. कालच ती त्याच्या अंगावर पडली. सासूबाई म्हणाल्या, "हिचा शेवट बघायला मी काही नसणार. तुम्ही बघा आणि खोटं खोटं मला सांगू नका." नित उठून आत गेली. मी काहीच बोललो नाही, कारण बोललो की काय होतं ते आता मला ठाऊक आहे.

परवा शेजारची आजी बघायला आली होती. माझं डोकं बघून तिनं हात जोडले. "थोंगयिप, नशीब काढलंस गं! जावई पिकला की तुझा!"

मी जरा ताठ बसलो. इतक्या वर्षांनी आज तरी कच्चेपण सुटणार होतं. सासूबाईंनी उशीवरून मला पायापासून टकलापर्यंत न्याहाळलं.

"कसला पिकतोय!" त्या म्हणाल्या. "हा माणूस नाही, असं मी लग्नापासून घसा कोरडा करून सांगतेय, कोणी ऐकलं नाही. शेवटी त्यानंच बुद्धासमोर कबूल केलं. ते पण दोनदा."

आजी हसली, आतून नितही हसल्याचं ऐकू आलं. मला भयंकर राग आला. चांगल्या भुवया चढवून बघावं म्हटलं सासूबाईंकडे, पण त्या अजून उगवायच्या होत्या.